गुरुवारची जेवणाची पाळी

विशेष गरजा असलेल्या अनाथ मुलांच्या बालगृहात जायचं, तर खाऊचे पुडे आणि घरातले बरे कपडे घेऊन थेट फाटकाशी उभं राहावं, असं बऱ्याच जणांना वाटतं. फाटक उघडतंही. चहा मिळतो, पावती मिळते, दारातून दोन-चार मुलं हात हलवतात आणि भेट संपते. मला आत, मुलांमध्ये जायचं होतं, म्हणून आधी फोन केला. अधीक्षकताईंनी नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "एकदा येऊन जाणार, की येत राहणार?" आमच्या कारखान्याला गुरुवारची सुट्टी असते, दर गुरुवारी येईन म्हटलं. "मग कागद लागतील," त्या म्हणाल्या.

ओळखपत्र, दोन ओळखीच्या माणसांची पत्रं, संसर्गजन्य आजार नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला. हा शेवटचा सगळ्यांत रेंगाळला. घरी थट्टा सुरू झाली की हा सेवा करायला निघालाय की सरकारी नोकरीला? मला मात्र त्या कागदांचा कधी राग आला नाही. तिथल्या निम्म्याअधिक मुलांना बोलता येत नाही. आपल्याला कुणी चिमटा काढला, ढकललं, की काय केलं, हे ती सांगू शकत नाहीत. अशा मुलांमध्ये एका अनोळखी पुरुषाला नुसत्या गोड बोलण्यावर आत सोडणारी संस्था असती, तर तिथेच पाऊल मागे घ्यायला हवं होतं.

दाखला आल्यावर एका दुपारी सूचना मिळाल्या. फोन कार्यालयात ठेवायचा. कुठल्याही मुलासोबत एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही. मुलांना सांभाळणाऱ्या मावशींना विचारल्याशिवाय तोंडात काही भरवायचं नाही, साधं बिस्किटही नाही. 'पुढच्या वेळी तुला गाडी आणतो' असलं काही बोलायचं नाही. आणि फोटो काढायचा नाही. हा शेवटचा नियम संस्थेच्या मर्जीचा नाही, त्यामागे कायदा आहे. बाल न्याय कायदा 2015, त्याचं कलम 74. देखभालीखाली असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे आणि मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आश्रमात वाढदिवस साजरा केल्याचे हसरे फोटो आपण रोज बघतो, त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. म्हणून मीही इथे एकाही मुलाचं नाव घेणार नाही आणि गावाचंही नाही.

मुलं येतात कशी, ते ताईंनी त्याच बैठकीत सांगितलं. कुणी बसस्थानकावर सापडतं, कुणी रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात, एखाद्याला आईवडील स्वतः समितीपुढे सोडून जातात. सापडलेल्या मुलाला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात आणि मूल कुठे राहील ते तीच ठरवते. मग आईवडिलांचा शोध. दोन वर्षांखालच्या बाळासाठी दोन महिने, त्याहून मोठ्यासाठी चार महिने. कुणीच पुढे आलं नाही तर मूल दत्तकासाठी मोकळं असल्याचं समिती जाहीर करते. वय डॉक्टर अंदाजाने ठरवतात, दात आणि हाडं बघून. जन्मतारीखही मग अंदाजाचीच. आमच्या आधीची अर्धी पिढी मास्तरांच्या कृपेने 1 जूनला जन्मली, तेव्हा यात आपण फार नाक मुरडावं असं काही नाही.

पहिल्या गुरुवारी मोठ्या खोलीत शिरलो आणि सहा-सात वर्षांची एक मुलगी धावत येऊन पायांना बिलगली. चेहरा शर्टात खुपसला, हात सोडायला तयार नाही. डाऊन सिंड्रोम असलेली मुलं मायाळू असतात असं ऐकून होतो, त्यामुळे मला ते गोडच वाटलं. मावशींनी तिला हळूच सोडवलं आणि तिचा हात माझ्या हातात दिला. "हात मिळवा. नमस्ते म्हणा. कडेवर नका घेऊ." त्या मला कठोर वाटल्या. दुपारी फिजिओथेरपिस्ट ताईंकडून कारण कळलं. त्यांनी रुमानियाची गोष्ट सांगितली.

तिथला हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट 1989 मध्ये कोसळली, तेव्हा रुमानियातली अनाथालयं जगाने पहिल्यांदा आतून पाहिली. ओळीने पाळणे, हजारो मुलं, आणि त्यांना उचलून घ्यायला माणसं नाहीत. पुढे 2000 मध्ये बुखारेस्टमध्ये 136 मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्मी संस्थेतच राहिली, निम्मी पालक कुटुंबांत गेली, आणि कुटुंबांत गेलेल्या मुलांचा विकास आणि माणसांशी जडणारं नातं पुढे पुष्कळच सुधारलं. साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं जास्त. संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. ती कुणाही परक्याला जाऊन बिलगायची आणि त्याच्याबरोबर सहज चालू लागायची. आपलं माणूस आणि परकं माणूस हा फरकच त्यांच्यात नीट रुजलेला नव्हता. आपण ज्याला प्रेमळपणा म्हणून टिपं गाळतो, ते बऱ्याचदा हेच असतं. दर रविवारी नवा पाहुणा येऊन कडेवर घेतो आणि जातो, तेव्हा तो फरक आणखी पुसट होतो. ती मुलगी पुढे मला नमस्ते करायला लागली, पण बिलगायची ती मावशींनाच. मावशी जिंकल्या म्हणायच्या.

सुरुवातीला मला काम मिळालं ते धुतलेली लाळेरी घडी करायचं. लाळेरं म्हटलं की तान्हं बाळ डोळ्यांपुढे येतं, इथली लाळेरी चौदा वर्षांच्या मुलाच्या मापाची. मग डायपरची खोकी लावणं, वॉकरची चाकं घट्ट करणं, पायांना आधार देणाऱ्या कॅलिपरचे पट्टे चढवणं. आकडीच्या औषधांच्या वेळा भिंतीवर लिहिलेल्या असतात, त्यांच्याजवळ मला जाऊ दिलं नाही, तेही बरोबरच. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं, असलेल्या मुलांत बऱ्याच जणांना आकडीही येते आणि डोसाच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

भरवायला शिकवलं ते बऱ्याच गुरुवारांनंतर. ज्याला भरवायचं होतं तो बारा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, हात-पाय ताठ, मान मधूनच मागे जाते. डोळे मात्र सगळीकडे असतात, खोलीत कोण आलं ते सगळ्यांत आधी त्याला कळतं. मावशींनी आधी त्याला खुर्चीत नीट बसवलं. कंबर मागे टेकवून पट्टा, पाय फळीवर, गुडघ्यांमध्ये उशी. "पहिलं बूड, मग मान, मग घास," त्या म्हणाल्या. मला त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसवलं. उभं राहून भरवलं की मूल वर बघतं, मान मागे जाते, आणि मागे गेलेल्या मानेत अन्न श्वासनलिकेत जायची वाट उघडी पडते. हनुवटी किंचित खाली हवी. चमचा समोरून, खालून आणायचा. जिभेवर हलकेच दाबून ठेवायचा, ओठ मिटायची वाट बघायची, मग सरळ बाहेर काढायचा. वरच्या दातांना घासून अन्न आत सोडायचं नाही. आणि मग थांबायचं. गळ्याकडे बघायचं. गिळल्याची हालचाल वर जाऊन खाली आली, की पुढचा घास.

हे थांबणं फार अवघड. हात आपोआप पुढचा चमचा भरतो. आपण जेवतो त्या वेगाची सवय बोटांत मुरलेली असते. मऊ कालवलेला वरणभात, अर्धी वाटी, आणि पंधरा मिनिटं झाली तरी वाटीत फरक दिसेना. मधेच त्याची जीभ घास बाहेर ढकलते. त्याला नको असतं असं नाही, त्या जिभेवर त्याचा ताबा नसतो. बाहेर आलेला घास पुसायचा, पुन्हा द्यायचा. पाणी तर अन्नाहून कठीण. पातळ पदार्थ घशात झरकन उतरतो आणि गिळायची तयारी व्हायच्या आत चुकीच्या नळीत जातो, म्हणून पाणीही थोडं दाट करून, चमच्याने. मध्येच त्याचा आवाज घरघरला, ओला झाला. मावशींनी तीन खाटा पलीकडून ऐकलं आणि ओरडल्या, "थांबा! खोकू द्या त्याला." तो खोकला, घसा मोकळा झाला, डोळ्यांतलं पाणी मी पुसलं. वाटी संपायला पाऊण तास लागला. नंतर अर्धा तास त्याला तसंच बसवून ठेवायचं, आडवं करायचं नाही.

पाऊण तास. हा आकडा डोक्यात ठेवून त्या खोलीचा हिशेब केला की त्या घराची सगळी गोष्ट कळते. स्वतःच्या हाताने न जेवणारी चार मुलं एका मावशीच्या वाट्याला आली, तर एका जेवणाला तीन तास. दिवसाला दोन जेवणं, नाश्ता, दुपारचं दूध. त्याच मावशींनी आंघोळी घालायच्या, डायपर बदलायचे, जखमा होऊ नयेत म्हणून पडून असलेल्यांच्या कुशी बदलायच्या, आणि कुणाला आकडी आली तर तिथे धावायचं. मग कुठेतरी घाई होते. मान मागे, मोठा घास, वरून पाणी. वाटी दहा मिनिटांत रिकामी होते आणि मूल जेवलं अशी नोंद होते. थोडं थोडं अन्न फुप्फुसात जात राहतं, मुलाला वरचेवर न्यूमोनिया होतो, वजन वाढत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मतिमंद मुलं ती, अशक्तच असायची. मला वाटतं, त्यातला बराच अशक्तपणा मुलाच्या आजाराचा नसतो, माणसं कमी असल्याचा असतो. या घरात घाई होत नाही, कारण दुपारच्या जेवणाला रोज बाहेरची चार-पाच शिकवलेली माणसं येतात. गुरुवारी त्यांतला एक मी.

हातांचीच आणखी एक गोष्ट सांगतो. एकदा आधारवाले यंत्र घेऊन आले होते. मुलांच्या बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. ताठ स्नायूंच्या मुलांच्या मुठी आवळलेल्या असतात, अंगठा आत. यंत्र चालवणारा मुलगा एकेक बोट ओढून उघडायचा प्रयत्न करत होता आणि जितकं ओढावं तितकी मूठ घट्ट होत होती. फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्याला बाजूला केलं. पोराचं मनगट आतल्या बाजूला हलकेच वाकवलं, आणि बोटं आपसूक सैल झाली. मनगट वाकलं की बोटं आवळणाऱ्या शिरांवरचा ताण उतरतो, एवढंच त्यामागचं गणित. यंत्रावरचा मुलगा बघतच राहिला. पुढच्या पोराची मूठ त्याने स्वतः तशीच उघडली. ठसा न जुळल्याने रखडलेलं आधार, आधारमुळे रखडलेलं दिव्यांगांचं स्वावलंबन कार्ड, त्यामुळे रखडलेला निरामय आरोग्य विमा, ज्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या उपचारांची सोय आहे. ही सगळी साखळी त्या मनगटापाशी अडली होती.

वाढदिवसवाल्यांबद्दल मात्र मला बोलायलाच हवं. एका गुरुवारी ऐन साडेबाराला एक मोठा घोळका आला. फुगे, टोप्या, कर्कश स्पीकर. परवानगी त्यांनी घेतली होती पण सकाळी दहाची. यायला उशीर झाला. स्पीकर सुरू झाल्याबरोबर स्वमग्नता (ऑटिझम) असलेला एक मुलगा कानांवर हात दाबून भिंतीला डोकं आपटायला लागला. फुगा फुटला तशी ताठ स्नायूंची दोन मुलं अंगभर दचकली. त्यांना दचकणं आवरताच येत नाही, सगळं शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं. केकचे तुकडे वाटायला बायका खाटांपाशी गेल्या तेव्हा मावशींनी अक्षरशः आडवे हात घातले. सुका केक त्या घशात अडकला असता. घोळक्याला अपमान वाटला. "आम्ही एवढं प्रेमाने आणलंय," त्यांच्यातला एक जण मला म्हणाला. होतंही प्रेमाने. पण त्या दिवशी सगळी जेवणं दीड तास मागे पडली आणि संध्याकाळच्या पाळीच्या मावशींना घरी जायला रात्र झाली. संस्थांना देणगीदारांना नाही म्हणता येत नाही, ही खरी अडचण. ताईंनी नंतर नियम केला की स्पीकर आणि फुगे नाहीत, आणि खायचं जे असेल ते स्वयंपाकघरात द्यायचं. दोन देणगीदार तुटले.

दत्तकाचं विचारलं होतं मी. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची रांग देशात लांबलचक आहे, वर्षानुवर्षं लोक थांबतात. विशेष गरजा असलेल्या मुलांपुढे मात्र रांग नसते. त्यांना घर मिळतं ते बहुतेक परदेशात. या घरातून मी तिथे जायला लागल्यानंतर एक मुलगी गेली. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, चालायला उशिरा शिकलेली. येणारे आईबाप आधी महिनोन् महिने व्हिडिओवर तिच्याशी बोलत होते, तिला जेवताना काय आवडतं ते लिहून घेत होते. 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आदेश आल्यावर ती दोन आठवड्यांत गेली. मावशी रडल्या आणि तासाभराने पुढच्या डायपरकडे वळल्या. मला यात परदेशाचं कौतुक करायचं नाही, पण आपल्याकडे मूल दत्तक घेताना रंग, नाक-डोळे आणि 'नॉर्मल आहे ना' हेच आधी विचारलं जातं, हे खोटं नाही.

आणि अठरावं वर्ष. बालगृह मुलांसाठी असतं. कायद्याने मूल म्हणजे अठराच्या आतलं. त्यानंतर अनुरक्षण म्हणून एकविसाव्या वर्षापर्यंत मदतीची तरतूद आहे, पण ती धडधाकट मुलाला डोळ्यांपुढे ठेवून. शिक, नोकरी धर, खोली घे. ज्याला स्वतःचा घास तोंडाशी नेता येत नाही, त्याने अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं? अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वज्झरला शंकरबाबा पापळकरांनी हाच प्रश्न आयुष्यभर लावून धरला. टाकून दिलेल्या शंभराहून अधिक दिव्यांग मुलांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. अठरा वर्षांनंतरही अशा मुलांना त्याच घरात राहू देणारा कायदा करा, अशी त्यांची मागणी आहे. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, मागणी तशीच आहे.

आमच्या इथे सध्या एक मुलगी सतरा वर्षांची आहे. तिच्यासाठी ताईंची धावपळ चालू आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीला कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी स्थानिक समिती तो नेमते. अठरा पूर्ण झाल्यावरच अर्ज करायचा, म्हणून फाइल आतापासून तयार होतेय. राहायचं कुठे, हे त्या फाइलने सुटत नाही. प्रौढांसाठीची घरं मोजकी, त्यांच्याकडे जागा नाही. जेवताना तिला एकच मावशी चालतात, दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ती तोंड फिरवते. या गोष्टीला कुठल्याच अर्जात रकाना नाही. ताईंनी तरी 'इतर माहिती' या ओळीखाली ती लिहून ठेवलीय.

लोक विचारतात, तिथे काय न्यावं? आधी फोन करून विचारा, एवढंच सांगतो. डायपरचं माप बदललेलं असतं, कपड्यांचे ढीग पडून असतात. आमच्या कारखान्यातला एक फिटर मित्र मुलाचा वाढदिवस तिथे करायचा म्हणून मागे लागला होता. ताईंशी बोलणं करून दिलं. त्या म्हणाल्या, "केक नको. लाकूडकाम येतं का त्यांना?" त्याला येतं. मुलं वाढतात आणि खुर्च्या लहान पडतात. विकत घ्यायची तर महाग, आणि ठरावीक मापाची. आता तो फिजिओथेरपिस्ट ताईंकडून मापं घेतो आणि प्लाय आणि फोमच्या खुर्च्या करतो. कंबर, गुडघा, घोटा, तिन्ही काटकोनात यायला हवेत. पाय एकमेकांवर चढू नयेत म्हणून मधे ठोकळा. पहिली खुर्ची त्याने पॉलिश मारून चकचकीत केली, तर मूल घसरून खाली यायला लागलं. दुसरीला रेग्झिनऐवजी जाड कापड लावलं. तिसऱ्या खुर्चीची पावलं टेकायची फळी इंचभर वर घ्यायची आहे, म्हणून या गुरुवारी तोही माझ्याबरोबर येणार आहे, ड्रिल घेऊन. ड्रिल अंगणाच्या टोकाला चालवायची, आणि जेवणं उरकल्यावर, असं ताईंनी आधीच बजावलंय.